संन्याशाची शाळा : स्वामी रामानंद तीर्थ

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या महाविद्यालयात ध्वजवंदन होते. सकाळी लवकर यावे लागते म्हणून काहीजण कुरकुरतात, एन.सी.सी.ची मुले संचलन करतात, आणि पटांगणातील टेबलावर भगव्या वस्त्रांतील एका शांत चेहऱ्याच्या संन्याशाचे छायाचित्र हार घालून ठेवलेले असते. हे स्वामी रामानंद तीर्थ, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी, एवढे बहुतेकांना सांगता येते. परंतु हा संन्यासी मुळात शाळामास्तर होता, निजामाच्या राजवटीशी उघड झुंज घेण्याआधी त्याने नऊ वर्षे हातात खडू धरला होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. लढ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या खडूविषयी लिहावेसे वाटते, कारण माझ्या मते पुढचा सारा लढा त्या खडूतूनच निघाला.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी या गावी झाला. म्हणजे ज्यांना आपण मराठवाड्याचे म्हणून ओळखतो ते जन्माने कानडी मुलखातले. शालेय शिक्षण सोलापुरात चालू असतानाच देशात असहकाराची लाट आली आणि या मुलाने सरकारी शाळा सोडली. १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्या वेळी त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व देशसेवेचे व्रत घेतले असे त्यांच्या चरित्रात येते. सोळा वर्षांचे वय! आपल्या वर्गात त्या वयाची मुले अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभी असतात. पुढे अमळनेर आणि नंतर पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा राष्ट्रीय शिक्षणाच्या वाटेने त्यांचे शिक्षण झाले. राज्यशास्त्र हा त्यांचा विषय, आणि त्यातही लोकशाहीचा विकास कसा झाला याचा त्यांनी विशेष अभ्यास केला. मजूर चळवळीचे आद्य पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. संन्यास घेताना रामानंद तीर्थ हे नाव आले त्यात त्या ओढीची खूण दिसते.

लोकशाही शिकलेला हा तरुण १९२९ साली अशा मुलखात आला जिथे लोकशाहीचा मागमूस नव्हता. त्या वेळचा उस्मानाबाद (आता पुन्हा धाराशिव) जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील हिप्परगा या खेड्यात १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालत होती. तिचे मुख्याध्यापक म्हणून ते रुजू झाले. संन्यासदीक्षाही त्यांनी त्याच काळात घेतली. माझ्या मनात नेहमी येते की, संन्यास घेतलेला माणूस हिमालयाकडे जातो असे आपण ऐकतो, हा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर गेला असेल.

हिप्परग्याची शाळा म्हणजे काय होते हे समजायचे तर निजामाचे राज्य कसे होते ते थोडे पाहिले पाहिजे. सोळा जिल्ह्यांचे हे संस्थान. आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. आपला जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. राज्याचा कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून दिले, ही गोष्ट खरे तर अभिमानाची. विज्ञान, कायदा, वैद्यक उर्दूत आणण्यासाठी तेथे जे भाषांतराचे काम झाले ते आपण मराठीत आजही पुरे केलेले नाही. पण हा अभिमान खेड्यातल्या पोराच्या काय कामाचा? त्याच्या घरात मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलली जाई, आणि कचेरीचा कागद उर्दूत येई. शंभरात दहाही माणसे लिहिणारी-वाचणारी नव्हती.

त्यातच गश्ती निशाण त्रेपन्न नावाचा हुकूम होता. गश्ती म्हणजे परिपत्रक. या हुकुमान्वये सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. खासगी शाळा काढायची तरी परवानगी, वाचनालय, आखाडा, व्याख्यान, सगळ्यांवर नजर. ब्रिटिश हिंदुस्थानात निदान निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती, माणसे तुरुंगात जात होती पण त्याआधी भाषण तरी करीत होती. हैदराबादेत माणूस नागरिक नव्हता, रयत होता. रयतेने अर्ज करायचा, आणि हुजुरांच्या मर्जीची वाट पाहायची.

अशा मुलखात शाळा ही एकच जागा अशी होती की जिथे पन्नास-शंभर माणसे रोज एकत्र बसू शकत. हिप्परग्याच्या शाळेला सरकारी अनुदान नव्हते. तिच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरी मिळण्याची आशा नव्हती. शिकवायचे मराठीतून. ज्याला पोराला अंमलदार करायचे आहे त्याने तिथे पोर पाठवूच नये अशी ती शाळा! तरीही पालक मुले पाठवीत आणि शिक्षक जेमतेम पोटापुरत्या पैशावर शिकवीत. मला तर वाटते, त्या मुलांचा नागरिकशास्त्राचा पहिला धडा हाच होता : सरकारने न मागता, सरकारला न विचारता, चार माणसे एकत्र येऊन एक चांगली गोष्ट उभी करू शकतात.

आपल्याकडे नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला भाग असतो. ग्रामपंचायतीची मुदत किती, राज्यसभेचे सदस्य किती, हे आपण पाठ करतो, दोन गुण मिळवतो आणि विसरतो. हिप्परग्याला असले पुस्तक असण्याची शक्यताच नव्हती. ज्या राज्यात विधानसभेला अधिकार नाहीत तिथे तिच्या सदस्यांची संख्या पाठ करून काय उपयोग? तेथे नागरिकत्व शिकायचे ते वागून.

१९३५ साली स्वामीजी आणि त्यांचे काही सहकारी हिप्परगा सोडून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे जिवाभावाचे सहकारी त्यांत होते. तेथील योगेश्वरी विद्यालयात त्यांनी पुन्हा शाळेचेच काम हाती घेतले. पण आता शाळेच्या भिंती अपुऱ्या पडू लागल्या होत्या. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला बाहेर जर रयतच राहायचे असेल तर वर्गात शिकलेले सारे तो महिन्याभरात विसरणार, हे मास्तरांच्या ध्यानात आले असले पाहिजे.

आणि येथे आपले परतूर येते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. मी परतूर तालुक्यातली. शाळेत दहा वर्षे काढली पण हे मला कोणी सांगितले नव्हते. ग्रंथालयात मुक्तिसंग्रामावरचे पुस्तक चाळताना आमच्या तालुक्याचे नाव दिसले तेव्हा मी ते पान दोनदा वाचले. बाजाराच्या दिवशी जिथे बसायला जागा मिळत नाही त्या आमच्या गजबजलेल्या गावात मराठी मुलखाची ती पहिली राजकीय बैठक झाली होती! तेलुगू भागात आंध्र महासभा आणि कानडी भागात कर्नाटक परिषद होती, मराठी भागात ही महाराष्ट्र परिषद. उघड राजकीय पक्ष काढण्याची सोय नव्हती म्हणून भाषेच्या आणि संस्कृतीच्या नावाने माणसे जमत, आणि मग मातृभाषेतून शिक्षण, सभाबंदी उठविणे, शेवटी जबाबदार राज्यपद्धती, असे विषय पुढे येत.

अशा परिषदेत काय घडते याचा आपण विचार करीत नाही. गावोगावचे प्रतिनिधी येतात. कोणी ठराव मांडतो, कोणी अनुमोदन देतो, कोणी उपसूचना आणतो. वाद होतो, हात वर करून मते मोजली जातात, आणि हरलेली बाजू दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मांडवात जेवायला बसते. ज्या माणसाने जन्मभर तलाठ्यापुढे हात जोडले त्याने आपला हात मतासाठी वर करणे ही केवढी मोठी घटना असेल! परिषदेत मवाळ आणि जहाल असे दोन तट पुढे पडले आणि ते शेवटपर्यंत मिटले नाहीत. सरकारशी गोडीने बोलत सुधारणा मागाव्यात असे एका बाजूला वाटे. स्वामीजी दुसऱ्या बाजूचे. १९३८ साली शाळा सोडून ते परिषदेचे सरचिटणीस म्हणून पूर्ण वेळ काम करू लागले.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती, आणि रीतसर स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माला न आलेल्या संस्थेवर बंदी, हा जगाच्या इतिहासातला एक चमत्कारच म्हणायचा. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत नानल होते. पाठोपाठ स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. पुढची दहा वर्षे त्यांचे जीवन म्हणजे तुरुंग, सुटका आणि पुन्हा तुरुंग. त्या तारखा मी येथे देत बसत नाही. सरकारचा काँग्रेस या नावालाच आक्षेप होता, नाव बदला तर पाहू असे चालले होते. यावर वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या आणि बंदी उठायला जुलै १९४६ उजाडला.

सत्याग्रहाच्या त्याच दिवसांत विद्यार्थ्यांनी जे केले ते मात्र आपल्या अंकात सांगितलेच पाहिजे. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. या मुलांचे शिक्षण तिथेच संपले असते, पण नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. त्या मुलांपैकी एक पी. व्ही. नरसिंह राव. ते स्वामीजींना आपले गुरू मानीत आणि १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले. औरंगाबादच्या मुलांच्या पाठीशी उभे राहिलेले गोविंदभाई श्रॉफ हेही शिक्षकच. या लढ्याच्या आघाडीवर शिक्षक आणि वकील किती भेटतात ते पाहून मला आपल्या प्राध्यापकांविषयी उगीचच आदर वाटू लागला आहे.

स्वामीजींनी लोकांना शिकविलेला सर्वांत अवघड धडा मला १९४६ चा वाटतो. निजाम सरकारने सुधारणा देऊ केल्या, कायदेमंडळाच्या निवडणुका जाहीर केल्या. इतकी वर्षे ज्या गोष्टीसाठी भांडलो ती मिळाली असे कोणालाही वाटावे. पण कायदेमंडळाला मंत्र्यांना जाब विचारण्याचा अधिकार नव्हता. मंत्री जबाबदार राहणार ते निजामाला. बंदी नुकतीच उठलेल्या स्टेट काँग्रेसने, म्हणजे स्वामीजींच्या नेतृत्वाखाली, या निवडणुकांवर बहिष्कार घातला. मत देता येणे आणि मताला किंमत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेड्यापाड्यांतल्या अशिक्षित माणसाला त्यांनी समजावून सांगितले. यावर त्यांच्याच बाजूच्या काही मंडळींचे मत वेगळे होते. मिळेल ते पदरात पाडून घ्यावे असे म्हणणारे प्रत्येक काळात असतात आणि ते नेहमीच चुकतात असेही नाही. पण येथे स्वामीजींचा निर्णय योग्य ठरला असे मला वाटते. पोकळ सभागृहात बसले असते तर पुढच्या वर्षी लोकांना रस्त्यावर उतरा म्हणून कोणत्या तोंडाने सांगितले असते?

ते पुढचे वर्ष लगेच आले. भारत स्वतंत्र होणार आणि निजाम भारतात सामील होत नाही. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा भारतात सामील व्हा या मागणीचा दिवस म्हणून पाळला. १५ ऑगस्टला सारा देश पेढे वाटत असताना स्वामीजींना अटक झाली. मध्ये काही आठवडे सुटका, आणि २६ जानेवारी १९४८ पासून पुन्हा तुरुंग. रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरच्या छावण्या, मुलांनी ओस पाडलेल्या शाळा-कॉलेजे हे सर्व आपण ऐकून आहोत. जालन्याच्या मामा चौकावरून आपण रोज जातो. तो हुतात्मा जनार्दन मामांचा आहे हे रिक्षात बसताना आठवत नाही एवढेच. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी तर सशस्त्र लढ्यात भाग घेतला. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नव्हता असे स्वामीजी सतत सांगत राहिले, आणि त्याचा पुरावा हैदराबादच्या शोएबुल्ला खान या तरुण उर्दू संपादकाने आपल्या प्राणाने दिला. भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

त्यानंतरचे काही आठवडे आपण आपल्या भाषणांत गाळतो. मराठवाड्याच्या अनेक गावांत मुसलमान वस्त्यांवर सूड घेतला गेला. रझाकारांच्या पापाची शिक्षा ज्यांनी काही केले नव्हते अशांना मिळाली. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती दिल्लीहून आली होती. मुक्तीचा आनंद आणि हे दुःख एकाच वर्षातले आहे. रयतेचा नागरिक झाला असे म्हणताना शेजारीही नागरिक झाला हे सर्वांना कळले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ मी लावते.

दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परिषदेत आणि राष्ट्रीय शाळांत जी माणसे पुढे होती ती बहुतेक वकील, शिक्षक, व्यापारी, जमीन असलेल्या घरांतली. भूमिहीन आणि दलित त्या मांडवात थोडेच होते. सत्याग्रहाच्याच वर्षी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, कन्नड तालुक्यातील मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी दलितांची परिषद भरविली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. परतूर आणि मकरणपूर या दोन्ही मांडवांत माणसे नागरिक होण्यासाठीच जमली होती, पण ती एका पंगतीला बसली नव्हती. स्वामीजींच्या चरित्रकारांनी यावर अधिक लिहावयास हवे होते. मात्र स्वामीजींचे मन जमीनदारांच्या बाजूला कधी नव्हते. जहागिरी गेल्या पाहिजेत, कुळाला जमीन मिळाली पाहिजे यासाठी ते आपल्याच पक्षातल्या मोठमोठ्यांशी भांडले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली हैदराबादचा कूळकायदा आला.

या कायद्याशी आमच्या घराचा संबंध आहे. माझे पणजोबा दुसऱ्याच्या रानात कूळ होते. आमच्या लोखंडी पेटीत त्या वेळचे कागद आहेत, काही मोडीत, काही उर्दूत. घरात ते कोणालाच वाचता येत नाहीत. पणजोबांचे नाव संरक्षित कुळांच्या यादीत होते की नव्हते, होते तर जमीन हातची का गेली, यावर आमच्याकडे तीन काकांची तीन मते आहेत. पणजोबांनी सांगितले तिथे अंगठा उठवला एवढे मात्र सगळे मान्य करतात. कायदा आला, पण तो वाचणारा घरात आला नव्हता. मी घरातली पहिली कॉलेजात आलेली. मोडी शिकण्याचे मनात आहे.

मागच्या वर्षी माझे नाव मतदार यादीत आले आणि मी गावच्या ग्रामसभेला गेले. बायका मोजून सात. वहीवर सह्या आणि अंगठे आधी घेतले जात होते, ठराव नंतर लिहू असे चालले होते. शेजारच्या एका वयस्क काकूंनी मला वही वाचून दाखव म्हणून सांगितले. वाचायला वर कोरे पानच होते. काकूंनी अंगठा दिला नाही. त्यांचे पाहून आणखी तिघींनी दिला नाही. थोडी कुजबुज झाली, पोरीबाळींनी मध्ये बोलू नये असेही कोणी म्हणाले, मग घरकुलाच्या यादीचा ठराव आधी लिहिला गेला आणि मी तो मोठ्याने वाचला. काकू शाळेत एक दिवसही गेलेल्या नाहीत. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही हे त्यांना कोणी शिकवले मला ठाऊक नाही, पण १९४६ च्या बहिष्कारात आणि या नकारात मला तरी एकच धडा दिसतो.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींना मोठे पद मिळविणे अवघड नव्हते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, लोकसभेवर गेले आणि १९५७ साली औरंगाबादहून. पण मंत्री झाले नाहीत. त्यांचे मन पुन्हा शाळेकडे धावले. मराठवाड्यात तेव्हा पदवीपर्यंत शिकविणारे एकही महाविद्यालय नव्हते. औरंगाबादला इंटरपर्यंत सोय, पुढे हैदराबाद गाठायचे. ज्याच्या घरी पैसा त्यानेच पदवीधर व्हायचे असा त्याचा सरळ अर्थ. १९५० साली दोन महाविद्यालये निघाली. बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले, आणि स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटीने नांदेडला काढलेले पीपल्स कॉलेज. १९३८ साली ज्या दोन वाटा वेगळ्या होत्या त्या १९५० साली एकाच ठिकाणी येऊन थांबल्या : आधी कॉलेज काढा. घटना लागू झाली ते हेच वर्ष. घटनेने मताचा हक्क दिला, तर त्यामागोमाग वर्ग उघडले पाहिजेत असे दोघांनाही वाटले हे केवळ योगायोगाने घडले असे मी मानीत नाही. पीपल्स कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकर शिकविण्यास आले व प्राचार्य झाले. मराठवाड्यातील एका पिढीने वाद कसा घालावा हे त्यांच्याकडून शिकून घेतले.

हैदराबाद राज्य भाषावार मोडावे असा स्वामीजींचा आग्रह होता. यात त्यांचे स्वतःचे नुकसानच होते. कानडी मुलखात जन्म, मराठी मुलखात काम, तेलुगू राजधानीत पक्ष, असा हा माणूस. राज्य मोडल्यावर त्यांचा राजकीय पायाच तीन ठिकाणी वाटला जाणार होता, आणि तसेच झाले. पण लोकांना न समजणाऱ्या भाषेत त्यांचे राज्य चालू शकत नाही, हे ते निजामाला सांगत आले होते. तेच आपल्या सरकारलाही लागू होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीच सुरू झाले होते.

खासदारकी संपल्यावर ते राजकारणातून जवळजवळ बाजूला झाले. हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या व त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. आपल्या ग्रंथालयात आहेत की नाही ते मी विचारणार आहे. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. ज्या शहराने त्यांना सर्वाधिक वेळा तुरुंगात टाकले त्याच शहरात, बेगमपेठेत, त्यांचे स्मारक आहे.

१९९४ साली एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्यामागे सोळा वर्षांचा संघर्ष आणि कितीतरी घरांची राखरांगोळी होती. १७ सप्टेंबरला त्याच विद्यापीठाचे काही जिल्हे वेगळे करून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परभणी, हिंगोली, लातूर आणि नांदेडची मुले तिकडे, आपण जालनेकर इकडे. त्यामुळे आपल्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येते. माझी मावसबहीण परभणीला शिकते, तिच्या पदवीवर स्वामीजींचे येईल. परतूरच्या स्टेशनवरून गाडीत बसले की सेलू, मानवत रोड आणि मग परभणी, वाट दोन तासांचीही नाही.